वायंगापू, सुंबा बेट : विणकरांच्या गावी जाण्याआधी (माहिती आणि चर्चा)

निळावंती

इंडोनेशियात येणारी आपली मंडळी बालीत उतरतात, बालीतूनच परत जातात. फार तर कोणी बोरोबुदूर करून येतं. आम्ही नोकरीनिमित्त जकार्तात राहतो, त्यामुळे पूर्वेकडच्या बेटांवर जाणं होतं. त्यात सुंबावर माझा फार जीव आहे. हातमागात ज्यांना गोडी आहे त्यांनी आयुष्यात एकदा तरी वायंगापूला जावं असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

सुंबा हे नुसा तेंगारा तिमुर प्रांतातलं बेट, गोव्याच्या जवळजवळ तिप्पट. वायंगापू हे पूर्व सुंबाचं मुख्य ठिकाण आणि बेटावरचं सगळ्यात मोठं शहर. शहर म्हटलं तरी आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. जुनं बंदर, बाजार, चर्च, मशीद, सरकारी कचेऱ्या, संध्याकाळी धक्क्याजवळ लागणाऱ्या भाजलेल्या मासळीच्या गाड्या. बालीच्या देनपसारहून छोटं विमान सव्वा-दीड तासात पोचवतं. तिमोरच्या कुपांगहूनही विमान असतं.

पाहायचं काय, तर कापड. इथल्या बायका सूत बांधून रंगवतात आणि मग विणतात, या रीतीला इकत म्हणतात. पुरुषांच्या चादरीएवढ्या वस्त्राला हिंगी म्हणतात. ती जोडीने वापरतात, एक कमरेला आणि एक खांद्यावर. बायकांचं नळीसारखं शिवलेलं लुगडं म्हणजे लाउ. हिंगीवर घोडे, हरणं, कोंबडे, काकाकुवा, मगरी, कासवं, कोळंबी असतात, आणि कवट्या टांगलेलं झाड असतं. त्या झाडाला आंदुंग म्हणतात. पूर्वी लढाईत मारलेल्या शत्रूंची मुंडकी गावात अशा झाडावर लावत. मगर आणि कासव ही राजघराण्याची चिन्हं. कोळंबी कात टाकते म्हणून ती मेल्यानंतरच्या नव्या जन्माची खूण.

शहराला लागूनच प्राइलिउ गाव आहे, मध्यवस्तीपासून रिक्षाच्या अंतरावर. उंच शिखराच्या छपराची घरं, दारासमोर मोठमोठ्या दगडी कबरी आणि ओट्यांवर ताणलेलं सूत. वेळ कमी असेल तर एवढं एक गाव पुरे. वेळ असेल तर पूर्वेच्या रस्त्याने मेलोलोकडे जा. साठेक किलोमीटरवर उमाबारा आणि पाउ, त्याच्या पुढे रेंदे, आणि आणखी दूर कालिउदा. कालिउदाचे घोडे आणि कोंबडे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना दुसरं काम डोळ्यात भरत नाही.

प्रश्न विचारा, माहीत आहे ते सांगते.

सह्यभटक्या

झकास विषय. वाचतोय. दोन शंका. एक, कोणत्या महिन्यात जावं? दोन, निव्वळ कापडासाठी एवढं लांब जायचं का? सोबतच्या माणसांना काय दाखवायचं?

निळावंती

@सह्यभटक्या, पूर्व सुंबा हा इंडोनेशियातला फार कोरडा भाग. पाऊस साधारण डिसेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये टेकड्या हिरव्यागार असतात, ऑगस्टनंतर सगळं माळरान पिवळं-तपकिरी होतं. दोन्ही रूपं सुंदर आहेत, पण पहिल्यांदा जात असाल तर मे-जून.

सोबत्यांसाठी वालाकिरीचा किनारा आहे, शहरापासून पाऊण तासावर. ओहोटीला तिथली खारफुटीची बुटकी झाडं वाकड्यातिकड्या खोडांवर पाण्यात उभी असतात आणि सूर्यास्ताला ती नाचल्यासारखी दिसतात. ओहोटीची वेळ मात्र आधी बघून जा, भरतीला यातलं काहीच दिसत नाही. पश्चिमेच्या रस्त्यावर वाइरिंदिंगची टेकडी आहे. लाटांसारख्या उतरत जाणाऱ्या टेकड्या आणि त्यांवर चरणारे घोडे. सुंबाचे हे घोडे ठेंगणे आणि चिवट. त्यांना सँडलवूड पोनी म्हणतात, कारण पूर्वी हे बेट चंदनासाठी प्रसिद्ध होतं. चंदन तोडून संपलं, घोड्यांना नाव राहिलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर पश्चिम सुंबात पासोला असतो, घोड्यावरून भाले फेकण्याचा विधी. समुद्रात न्याले नावाचे किडे कधी वर येतात ते बघून तिथले पुजारी दिवस ठरवतात, त्यामुळे पक्की तारीख ऐन वेळी कळते.

गोधडी

निळावंती, विणण्याबद्दल सविस्तर लिही ना. मी पोचमपल्लीला इकत पाहिलंय. तिथल्यासारखंच का?

निळावंती

@गोधडी, मूळ कल्पना तीच, रीत वेगळी. पोचमपल्लीत खड्ड्यातला किंवा चौकटीचा माग असतो. सुंबात माग विणणारीच्या अंगाला बांधलेला असतो. मागचा पट्टा कंबरेला, पुढचं टोक खांबाला, आणि ताण तिच्या पाठीतून येतो. ती थोडी पुढे झुकली की ताणा (उभे धागे) सैल, मागे रेलली की ताठ. दिवसभर पाय लांब करून बसायचं.

पण विणणं हा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग. खरं काम बांधणीत. ताण्याचे धागे चौकटीवर पसरायचे, नक्षी आखायची, आणि जिथे रंग नको तिथे धाग्यांच्या बारीक जुड्या करकचून बांधायच्या. पूर्वी गेवांग नावाच्या ताडाच्या पानाच्या पट्ट्यांनी बांधत, आता बरेचदा प्लास्टिकच्या सुतळीने. आधी निळीत बुडवतात. मग काही गाठी सोडून लाल रंगात. जिथे दोन्ही बसले तिथे गडद, काळपट तपकिरी येतो. विणून झाल्यावर कुठे कुठे पिवळसर रंगाची बोटं हाताने फिरवतात.

एक गोष्ट मला स्वतःला पाहूनच उमगली. हिंगी जमिनीवर पसरली की अर्धे घोडे सुलटे आणि अर्धे उलटे दिसतात, सगळ्यांची डोकी मधल्या रेषेकडे. तीच हिंगी एका माणसाने खांद्यावर टाकली तेव्हा पुढचे घोडेही सरळ उभे आणि पाठीवरचेही. कापड अंगावर कसं पडणार हे बांधणीच्या वेळीच पक्कं असतं. आणि ताणा दुमडून बांधतात म्हणून दोन्ही अर्ध्यांवर तीच नक्षी एकदम उतरते.

टोकाला काबाकिल नावाची एक अरुंद आडवी पट्टी विणतात, म्हणजे सूत उसवत नाही. हिंगी विकत घेताना तिकडे जरूर बघा, चांगल्या कामात ती पट्टीही देखणी असते.

रानमोगरा

लाल रंग कशाचा? मंजिष्ठा तिकडे होत असेल असं वाटत नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून उत्सुकता.

निळावंती

@रानमोगरा, सर, त्याला तिथे कोम्बू म्हणतात. मेंगकुडूच्या, म्हणजे नोनीच्या, झाडाच्या मुळ्यांचा. मुळ्यांची साल काढतात, कुटतात, पाण्यात पिळतात. त्यात लोबा नावाच्या झाडाची पानं आणि साल घालतात, ती डोंगरातल्या जंगलातून आणावी लागते. आणि सुताला आधी केमिरीच्या बियांच्या तेलात मुरवतात.

रानमोगरा

अहो, मग हे आपल्या घरचंच आहे!

नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. आपल्याकडे बारतोंडी. आणि रंगाच्या धंद्यात हिचं नाव आल. वऱ्हाडात आणि बुंदेलखंडात एके काळी आलाची शेती होत असे. तीनेक वर्षांची झाडं खणून मुळ्या काढत. रंग मुळाच्या सालीत असतो, आणि बारीक मुळ्यांना भाव जास्त. आलात रंगवलेला खारवा, म्हणजे ते जाड लाल कापड, वह्यांच्या बांधणीला, पडद्यांना, गाद्यांना वापरत. आमच्या आजोबांच्या दुकानातल्या चोपड्या खारव्यात बांधलेल्या होत्या, त्यांचा लाल मला आजही डोळ्यासमोर दिसतो.

१८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत अलिझरीन हा लाल रंग तयार झाला, थोड्याच वर्षांत तो बाजारात स्वस्त मिळू लागला आणि आलाची शेती बसली. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ आली आणि निळीच्या शेतीचीही तीच गत झाली. सुंबाच्या बायकांनी ती रीत टिकवली हे वाचून फार आनंद झाला.

लोबाबद्दल. ते सिम्प्लोकोस कुळातलं झाड असणार. आपला लोध्र याच कुळातला. या झाडांच्या पानांत आणि सालीत ॲल्युमिनियम साठतं. आल किंवा बारतोंडीचा रंग नुसता सुतावर बसत नाही, त्याला धरून ठेवायला ॲल्युमिनियम लागतं. आपले रंगारी त्यासाठी तुरटी वापरत. सुंबात तुरटीचं काम झाडाची पानं करतात. तेल पाजल्यावर रंग खोल जातो हेही आपल्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं. केमिरी म्हणजे जंगली अक्रोड.

निळावंती

सर, फार सुंदर माहिती. बारतोंडी म्हणजेच ती, हे मी तिथल्या बायकांना नक्की सांगणार.

निळीचंही सांगते. पाला रात्रभर पाण्यात कुजवतात, पाणी हिरवट झालं की पाला काढून चुना घालतात आणि घुसळतात. पाला पावसाळ्यात मिळतो म्हणून निळीचं काम पावसाळ्यात आणि त्याच्या आसपास, आणि कोम्बूचं काम कोरड्या दिवसांत. दोन रंगांचं कापड म्हटलं की दोन ऋतू गेलेच, आणि लाल गडद हवा असेल तर सूत पुनःपुन्हा बुडवावं लागतं. चांगल्या हिंगीला वर्ष-दोन वर्षं लागतात ती त्यामुळे. निळीची मडकी असतात तिथे पुरुषांना जाऊ देत नसत, ते ज्ञान बायकांचंच. काही घरांत हा नियम अजून पाळतात. पुरुष वाचकांनी विचारल्याशिवाय त्या खोपटात शिरू नये.

जालनाकर

पटोल्याचा आणि सुंबाचा काही संबंध आहे का? कुठेतरी वाचलं होतं.

निळावंती

@जालनाकर, आहे, आणि फार जवळचा. गुजरातचे रेशमी पटोळे शतकानुशतकं मसाल्याच्या व्यापाराबरोबर या बेटांवर गेले. डच कंपनी स्थानिक राजांना खूश करायला पटोळे भेट द्यायची. ते राजघराण्यांत वारसा म्हणून जपले गेले आणि त्यांची नक्षी स्थानिक कापडात उतरली. सुंबात पातोला रातू नावाची नक्षीच आहे. पूर्वी ती फक्त सरदार घराण्यांनी वापरायची. बऱ्याच हिंगींच्या मधल्या पट्ट्यात ती दिसते. रेंदेला बघाल तर पाहताक्षणी ओळखू येईल.

जालनाकर

मग माझ्या गावाचं सांगतो. पाटणचे पटोळे विणणारे साळवी मूळचे जालन्याचे, अशी त्यांची परंपरा सांगते. बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळाने सातशे साळवी कुटुंबं जालन्याहून पाटणला नेऊन वसवली, असं ते सांगतात. जालन्याच्या लोकांनाच हे ठाऊक नसतं. आमच्याकडून गेलेल्या हातांची नक्षी पाटणमार्गे सुंबाच्या राजवाड्यापर्यंत पोचली, हे वाचून ऊर भरून आला. आता जावंच लागणार.

शाकाहारी_प्रवासी

आम्ही दोघंही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का?

निळावंती

नाही, पण लक्ष ठेवावं लागेल. भात, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), ताहू म्हणजे टोफू, गादो-गादो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), शेवग्याच्या पाल्याची पातळ भाजी (तिथे केलोर), पपईच्या फुलांची भाजी, मका हे सगळं मिळतं. शेवग्याचा पाला तर आपल्या घरच्यासारखा लागतो. अडचण सांबालची. चटणीत तेरासी म्हणजे सुकटाचा गोळा असतो आणि ते कोणी आपणहून सांगत नाही. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’ एवढं पाठ करा, मांस, मासे आणि तेरासी नको असा अर्थ. खेड्यांत जाताना डबा बरोबर न्या. शेंगदाणा चटणी आणि दशम्या टिकतात.

आणखी एक गंभीर गोष्ट. सुंबात मलेरिया आहे. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, मच्छरदाणी असलेलीच खोली घ्या. यात हयगय नको.

भाव_करणारा

खरेदीबद्दल बोला. बालीत दुकानदार सांगेल त्याच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करायची असते. इथेही तसंच? बालीतच सुंबाचं कापड मिळत असेल तर तिथूनच घेतलेलं बरं, नाही का?

निळावंती

@भाव_करणारा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते.

बालीत ‘सुंबा इकत’ म्हणून जे टांगलेलं असतं त्यातलं बरंचसं सुंबाचं नसतं. जावात जेपाराजवळ त्रोसो म्हणून विणकरांचं गाव आहे. तिथे मोठ्या मागांवर, रासायनिक रंगात सुंबाची नक्षी झपाट्याने विणतात. त्रोसोचे विणकरही पोटासाठीच काम करतात, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण ते कापड सुंबाचं म्हणून विकणं हे सुंबाच्या बायकांच्या ताटातलं ओढून घेणं आहे. आपल्याकडे येवल्याच्या विणकराला यंत्रमागाच्या ‘पैठणी’चा जसा फटका बसतो तसंच.

ओळखायचं कसं? अंगाला बांधलेल्या मागाची रुंदी माणसाच्या हाताच्या आवाक्याएवढी, म्हणून सुंबाची हिंगी दोन पट्ट्या जोडून केलेली असते. मधोमध हाताने घातलेली शिवण दिसेल. रुंद मागावरचं कापड बहुधा एकसंध. नुसतं छापलेलं असेल तर उलट्या बाजूला फिकं दिसेल, खऱ्या इकतात दोन्ही बाजू सारख्याच. नक्षीच्या कडा किंचित पाझरल्यासारख्या हव्यात. आणि कोम्बूच्या नव्या कापडाला तेलाचा आणि मुळीचा एक उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही.

सुंबातसुद्धा गिरणीचं सूत आणि रासायनिक रंग वापरतात. त्यात गैर काही नाही, आणि तेही हाताचंच काम. फक्त किंमत वेगळी. सरळ विचारा: सूत कुठलं, रंग कुठला, किती दिवस लागले. खरं सांगतात.

आता भाव. थोडी घासाघीस चालते, पण एक तृतीयांशावर येऊ नका. ज्या बाईने दोन पावसाळे घातलेत तिच्यासमोर तो आकडा उच्चारणं बरं नाही. परवडत नसेल तर लहान पट्टी किंवा रासायनिक रंगातलं घ्या, किंवा नुसतं पाहून, चार शब्द बोलून, गावाच्या पेटीत पैसे टाकून या. कोणी वाईट मानत नाही.

भाव_करणारा

पटलं. मधल्या शिवणीची खूण लक्षात ठेवतो.

टेकडीवरची

मला वाईट वाटतं ते असं की आपण सगळे जाऊन बघणार, फोटो काढणार, आणि पुढच्या पिढीत ही कला संपणार. अशा सगळ्या ठिकाणी तेच होतं.

निळावंती

@टेकडीवरची, तुमची कळकळ समजते, पण सुंबाबद्दल मी एवढी निराश नाही. कारण तिथलं कापड मुख्यतः पर्यटकांसाठी विणलं जात नाही. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सुंबाची माणसंच.

लग्नात मुलाकडचे घोडे आणि मामुली नावाचे सोन्याचांदीचे दागिने देतात, मुलीकडचे कापड आणि मण्यांच्या माळा देतात. हे अजून चालू आहे. आणि मृत्यू. तिथला जुना धर्म मारापू, म्हणजे पूर्वजांचा. आता बरेच लोक ख्रिस्ती आहेत, पण अंत्यविधीच्या रीती पुष्कळशा जुन्याच. माणूस जितका मोठा तितकी त्याच्याभोवती वस्त्रं जास्त. घरचे, सोयरे, परगावचे सगळे कापड घेऊन येतात. पैसा जमेपर्यंत मृतदेह घरात बराच काळ ठेवतात. पुष्कळसं उत्तम विणकाम असं दगडी कबरीत जातं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हळहळ वाटली. पण ज्या घरातून वस्त्रं मातीत जातात त्याच घराला पुढच्या कार्यासाठी नवी लागतात, म्हणून मुलींना शिकावंच लागतं. कापडाची गरज संपली नाही तोवर माग थांबणार नाही.

मारापू मानणाऱ्यांना ओळखपत्रावर आपला धर्म लिहिता यावा म्हणून कोर्टात जावं लागलं. २०१७ मध्ये इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अर्जदारांत सुंबाचा एक मारापू मानणाराही होता.

खरी काळजी मला लोबाच्या झाडांची आहे. ती डोंगरातून तोडून आणतात, लावत फारसं कोणी नाही. आणि हातानं सूत कातणाऱ्या बायका कमी होत चालल्यात.

रानमोगरा

लोबासाठी साल सोलण्याऐवजी गळलेली पिवळी पानं गोळा केली तरी पुरेसं ॲल्युमिनियम मिळतं. झाडाला हात लावायला लागत नाही. पूर्वेच्या बेटांवर काही विणकर गट तसं करू लागलेत. असं काम करणाऱ्यांकडून कापड घेतलं तर जंगलालाही मदत होईल.

अत्तरदाणी

गावात गेल्यावर वागायचं कसं? नमस्कार-चमत्कार, फोटो, कपडे?

निळावंती

पान-सुपारी घेऊन जा! वायंगापूच्या मातावाई बाजारात सुपारी, चुना आणि सिरीह मिळतं. सिरीह म्हणजे विड्याच्या वेलीचा लांबट तुरा. पानापेक्षा तुराच जास्त खातात. काथ नसतो. ओट्यावर बसल्यावर यजमानीण पुढे करते ती पानाची टोपली नाकारू नका. खाता येत नसेल तर हात लावून घ्या आणि जवळ ठेवा. आपल्या माणसांना हे समजवावं लागत नाही, आपल्याकडेही बैठक पान-सुपारीनेच सुरू होते. मी पहिल्यांदा सुपारी कातरून दाखवली तेव्हा सगळ्या बायका भोवती जमल्या होत्या.

सरदार घराण्यातल्या बाईला रांबू आणि पुरुषाला उंबू म्हणतात. वयस्कर माणसाला तसं हाक मारलीत तर चालतं. कबरींवर बसू किंवा चढू नका, कितीही सपाट आणि सावलीतल्या दिसल्या तरी. फोटो विचारून. गुडघे झाकलेले कपडे. वहीत नाव लिहून पैसे ठेवायची पद्धत आहे, ते ठेवा. घरात मृतदेह असेल आणि आत बोलावलं तर आवाज न करता जा, कॅमेरा बाहेर ठेवून.

सह्यभटक्या

मे महिन्याचं ठरतंय. आम्ही चौघं. पश्चिमेला तांबोलाकाला उतरून वायंगापूहून परत निघालो तर?

निळावंती

उत्तम बेत. तांबोलाका ते वायंगापू गाडीने एक अख्खा दिवस धरा, म्हणजे वाटेत वाइकाबुबाकची जुनी गावंही पाहून होतील. वाइरिंदिंगला दुपार टळल्यावर पोचाल असं बघा. कालिउदाला जायचं तर वायंगापूहून भल्या पहाटे निघा आणि ओळखीचा चालक घ्या, पुढे हॉटेलं नाहीत. रोकड वायंगापूतच काढून ठेवा, गावांत कार्ड चालत नाही. आणि जालनाकरांना बरोबर घ्या, पातोला रातूपुढे त्यांना उभं करून एक फोटो इथे टाका.

जालनाकर

पासपोर्ट काढायला टाकलाय. सह्यभटक्या, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.